करियानच्या छपरावरचा घण

मित्रांनो, अंगावर गंज आणि समुद्रपक्ष्यांची घाण यांचे थर वर्षानुवर्षं वागवलेला एक म्हातारा घण आज तुमच्याशी बोलतो आहे. घण म्हणजे दगड फोडायचा मोठा हातोडा. माझा जन्म दगड फोडण्यासाठी झाला, पण ते भाग्य मला थोडीच वर्षं लाभलं. बाकीचं आयुष्य मी पत्र्याच्या छपरावर पडून काढलं. रिकामा मात्र नव्हतो. माझं काम होतं दिसणं. एका माणसाने लांबून यावं, मान वर करावी आणि मी त्याला दिसावा, एवढंच. तो माणूस कोण आणि मी त्याला दिसलो का, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आहे.

माझं लोखंड रेल्वेच्या तुटक्या रुळाचं. फ्रेंचांचं राज्य होतं तेव्हा कासाब्लांका शहराच्या बाहेर, रुळांच्या पलीकडे, एका फ्रेंच साहेबाची दगडाची खाण होती. खाणीच्या काठावर लोहाराचा भाता फुसफुसत असायचा. तिथे लोहाराने मला लाल केलं, ऐरणीवर घालून बडवलं आणि पाणी पाजलं. तो चटका अजून आठवतो. मग मला जिलालीच्या हाती देण्यात आलं.

जिलाली उंच, किडकिडीत आणि सदा हसरा होता. गावाकडे पाऊस रुसला म्हणून तो बायकोला, यामनाला घेऊन शहराकडे आला होता. येताना हातात रानटी ऑलिव्हची काठी होती. तीच तासून त्याने माझा दांडा केला. म्हणजे माझं डोकं साहेबाच्या रेल्वेचं आणि अंग जिलालीच्या गावचं. अशी आमची सोयरीक जमली आणि ती मला फार मानवली.

घाव घालण्याआधी जिलाली एक गोष्ट न चुकता करायचा. माझ्या तोंडाने दगडावर हलकेच तीनदा ठोकायचा आणि दगडाला कान लावून थांबायचा. बाकीचे मजूर त्याला मुद्दाम 'सी', म्हणजे राव, लावून त्याची टर उडवायचे.

"सी जिलाली, दगड फोडायचाय की त्याला मागणी घालायचीय?"

"न विचारता मारला तर वेडावाकडा फुटतो रे," जिलाली म्हणायचा. "कुठून फुटायचं ते त्याचं तोच सांगतो. आपण नुसतं थांबायचं."

आणि खरंच, त्याचा दगड लोण्यासारखा दुभंगायचा. शहरातल्या कितीतरी पांढऱ्या इमारतींच्या पायऱ्या आमच्या दोघांच्या हातच्या आहेत. कुणी तिथे आमचं नाव कोरलेलं नाही, पण मला त्या पायऱ्या आठवतात.

ठोकून कान लावायची खोड जिलालीच्या इतकी अंगवळणी पडली की घरी जवाची भाकरी पुढे आली तरी तो आधी बोटाने तीनदा ठोकायचा आणि कानाला लावायचा.

"काय म्हणते भाकरी?" यामना विचारायची.

"म्हणते, आज यामनाचा हात मिठाला सढळ होता."

"मग आज तिच्याशीच बोलत बस. कालवण मिळायचं नाही."

एकदा यामनाने साखरेची ढेप फोडायला छोटी हातोडी सापडेना म्हणून मलाच उचललं. ढेप फुटली, तिच्याखालचं पितळी ताट वाकलं आणि साखर शेजारणीच्या अंगणापर्यंत उडाली. जिलाली पोट धरधरून हसला. "साखरेला विचारलं नव्हतंस!" तो म्हणाला. यामना रागाने लाल झाली आणि मग तीही हसू लागली. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते, असं मला कुणी विचारलं तर मी ते वाकलेलं ताट दाखवीन.

आमची झोपडी खाणीच्या अगदी काठाला होती. भिंती बोरूच्या आणि छप्पर रॉकेलचे डबे कापून, ठोकून सपाट केलेल्या पत्र्यांचं. हळूहळू आमच्या शेजारी दुसरी झोपडी उभी राहिली, मग तिसरी, मग मोजता येईनात इतकी. बंदरावर हमाली करणारे, सार्डिन माशांच्या कारखान्यात राबणारे, सगळे खाणीच्या काठाने राहू लागले. फ्रेंच साहेबांच्या भाषेत दगडाच्या खाणीला करियेर म्हणतात. आमच्या माणसांच्या जिभेवर त्याचं करियान झालं. "राहतोस कुठे?" असं कुणी विचारलं की उत्तर यायचं, "करियानला." म्हणजे खाणीवर.

साहेबलोकांनी आमच्यासाठी आणखी एक नाव काढलं. त्यांनी आमची घरं लांबूनच पाहिली होती, म्हणून त्यांना नुसते डबे दिसले. ते आम्हाला बिदोंव्हील म्हणायचे, म्हणजे डब्यांचं शहर. आमच्यातलं कुणी तो शब्द उच्चारत नसे. स्वतःच्या घराला डबा कोण म्हणेल? करियान हे नाव मात्र आमचं होतं. त्यात आमचं काम होतं, जिलालीचा घाम होता आणि थोडासा मीही होतो. मला त्या नावाचा फार अभिमान वाटायचा.

मग दगड संपला. खाणीच्या तळाला पाणी लागलं, साहेबाने कुलूप घातलं आणि मजूर रिकामे बसले. त्याच सुमारास फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणींसाठी माणसं नेणारा एकजण आला. त्याने रांगेतल्या पुरुषांचे दंड चाचपून पाहिले आणि जिलालीला निवडलं. यामनाला तेव्हा दिवस गेले होते.

"कधी येशील?" तिने विचारलं.

"पोर चालायला लागायच्या आत."

"आणि आम्ही सापडलो नाही तर?"

"वेडी का काय तू! करियान म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा रस्ता दाखवेल. आणि हे बघ." जिलालीने मला खांद्यावर घेतलं, डब्यावर चढून छपरावर ठेवलं आणि माझा दांडा रस्त्याकडे वळवला. "वाऱ्याला पत्रा उडणार नाही आणि मला घर चुकणार नाही. एवढ्या छपरांत घण आपल्याच छपरावर. मान वर केली की घर सापडलं. काही झालं तरी याला खाली उतरवू नकोस."

जाण्याआधी त्याने झोपडीच्या खांबावर बोटाने तीनदा ठोकलं आणि कान लावला.

"काय म्हणतो?" यामनाने विचारलं.

"म्हणतो, लवकर ये," जिलाली म्हणाला आणि गेला.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी छपरावर राहू लागलो. घणाला वाट बघता येत नाही असं तुम्हाला वाटत असेल. पण ज्याला हलता येत नाही तो दुसरं करणार तरी काय?

मिलूदा जन्मली. ती रांगू लागली, चालू लागली आणि जिलाली आला नाही. फ्रान्सहून परतलेल्या एका कामगाराने निरोप आणला, "जिलाली बरा आहे. म्हणतो, कोळसा काही बोलत नाही." यामनाने त्या माणसाला चहा पाजला, भाकरी खाऊ घातली आणि तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. नंतर आणखी एकाने सांगितलं की काम वाढलं आहे, अजून थांबावं लागेल. जिलालीला लिहिता येत नव्हतं आणि यामनाला वाचता येत नव्हतं. त्यानंतर कुणी आलं नाही.

मग एका उन्हाळ्यात स्टोव्हचा भडका उडाला आणि अर्धी वस्ती जळाली. आमची झोपडी वाचली, पण नगरपालिकेने सगळ्यांनाच ट्रकांत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला एका माळावर नेऊन टाकलं. यामनाने मिलूदाला पाठीला बांधलं आणि मला पोटाशी धरलं. ट्रकवाला ओरडला, "बाई, पोर सांभाळ, लोखंड कसलं कवटाळतेस!" तिने ऐकलं नाही. नवं छप्पर उभं राहताच तिने पहिलं काम केलं ते मला वर चढवण्याचं. दांडा रस्त्याकडे.

त्या माळावर औषधाला दगड नव्हता. तरी आमची माणसं त्याला काय म्हणाली असतील? करियानच. आमचं नाव भांड्याकुंड्यांबरोबर ट्रकमध्ये चढलं होतं. आणि गोष्ट आमच्यापुरती राहिली नाही. शहरात जिथे जिथे पत्र्यांची घरं उठली, तिथे तिथे लोक करियान म्हणू लागले. रुळाकाठची करियान, बंदरामागची करियान, कत्तलखान्याजवळची करियान. दगडाच्या खाणीचं नाव गरिबीला चिकटलं. तो शब्द वापरणाऱ्या पोरांना तर त्यात खाण होती हेही ठाऊक नव्हतं.

शेजारणी यामनाला मानाने लल्ला म्हणायच्या. त्या सांगायच्या, "लल्ला यामना, शहरात आता गल्लोगल्ली करियान झाल्यात. तुझा नवरा कुठल्या करियानला येणार?"

"त्या कसल्या करियान?" यामना फणकारायची. "तिथे कधी कुणी एक दगड तरी फोडलाय का?"

"आपल्या इथे तरी कुणी फोडलाय?"

"आपण खाणीवरून आलोय. करियान एकच. जिलालीला ते पक्कं ठाऊक आहे."

दर शुक्रवारी ती जुन्या जागी जाऊन यायची. खाण बुजवून तिथे कारखाना उभा राहिला होता. ती फाटकावरच्या पहारेकऱ्याला थर्मासमधला चहा द्यायची आणि म्हणायची, "उंच माणूस येईल. त्याला सांग, करियान आता माळावर गेली." पहारेकरी बदलत गेले. नवे नवे तिला हाकलू लागले. पुढे तिचे गुडघे धरले आणि तिला जाणं जमेना. मग ती दारात बसून रस्त्याकडे बघायची आणि मी तिच्या डोक्यावर, छपरावरून त्याच रस्त्याकडे बघायचो. आम्ही दोघं एकच काम करत होतो, पण मला तिच्याशी बोलता येत नव्हतं.

माझा दांडा उन्हाने तडकला. तोंडावर गंज चढला. एक लंगडा समुद्रपक्षी रोज माझ्यावर येऊन बसायचा, तोही एका हिवाळ्यानंतर आला नाही. मग लोकांच्या छपरांवर अँटेना आल्या. आमच्याही छपरावर माझ्या शेजारी एक उभी राहिली. तिला जगभरच्या बातम्या कळायच्या आणि मला एका माणसाची कळत नव्हती. तिचा मला फार हेवा वाटायचा.

मिलूदा मोठी झाली आणि सार्डिनच्या कारखान्यात जाऊ लागली. कामावर ती आपला पत्ता खोटा सांगायची. एकदा तिला चांगलं स्थळ आलं. मुलाच्या आईने चहाचा पहिला पेला प्यायला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मुलगी गुणाची आहे हो. पण आमच्या नातलगांना काय सांगू, करियानची सून आणली म्हणून?" दुसरा पेला न घेताच बाई उठल्या. मी छपरावरून सगळं ऐकलं. ज्या नावाचा मला अभिमान वाटायचा त्याची त्या दिवशी प्रथमच लाज वाटली. मिलूदाचं लग्न पुढे झालंच नाही.

तिचा राग माझ्यावर निघायचा. आईला म्हणायची, "इम्मा, तिकडे तो एखाद्या गोऱ्या बाईच्या हातचं खाऊन जाड झाला असेल, आणि तू इथे छपरावर लोखंड ठेवून बसलीस!"

"जाड झाला तर झाला," यामना म्हणायची. "घर ओळखायला डोळे लागतात, पोट नाही."

"तो तुला विसरला. सगळी करियान हसते आपल्याला."

यामना हातातलं काम पुढे चालू ठेवायची. पण मिलूदा कामावर गेली की ती बाहेर येऊन वर बघायची आणि मलाच विचारायची, "विसरला असेल का रे?" तिच्या आयुष्यात तेवढा एकच प्रश्न उरला होता.

अखेरीस सरकारने आमच्यासाठी पक्क्या इमारती बांधल्या. नियम असा होता की आपली झोपडी आपल्या हाताने पाडायची, सरकारी साहेबाला मोकळी जमीन दाखवायची आणि मग घराची किल्ली घ्यायची. शेजारी एकेक करून पाडून निघून गेले. सगळीकडे राडारोडा पसरला आणि मध्ये आमची झोपडी एकटी राहिली. यामना हटेना.

"इथून उठले तर तो येणार कुठे? त्या नव्या जागेचं नाव त्याला कोण सांगणार?"

मिलूदा तिच्या पायाशी बसली. तिचेही केस आता पांढरे झाले होते. "इम्मा, तू त्याची वाट बघितलीस. मी जन्मभर या नावाखाली दबून राहिले. माझ्यासाठी तू एकदा तरी उठशील का?"

यामनाने मान वर करून छपराकडे पाहिलं. मग म्हणाली, "घण बरोबर येणार."

"येऊ दे बाई. नाहीतरी पाडायला तोच लागणार आहे."

मिलूदाने मला खाली उतरवलं. तिचा हात माझ्या दांड्याला पहिल्यांदाच लागत होता, आणि मला तो हात ओळखीचा वाटला. बापासारखीच पकड. तिने मला खांबावर उगारलं, तोच यामना ओरडली, "थांब! आधी विचार."

ती पुढे झाली. वाकड्या बोटांनी खांबावर तीनदा ठोकलं आणि कान लावला.

"काय म्हणतो?" मिलूदाने वैतागून विचारलं.

"काही नाही म्हणत," यामना म्हणाली. "मार."

दगड फोडायला जन्मलेल्या मला कित्येक वर्षांनी काम मिळालं आणि ते माझंच घर पाडायचं होतं. पत्रे खाली आले तेव्हा जो आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो.

नव्या वसाहतीला शांतीचं सुंदर नाव दिलं होतं. सगळ्या करियानमधली माणसं तिथे आणून भरली होती आणि बाहेरचे लोक त्या वसाहतीला 'करियानवाल्यांच्या इमारती' म्हणत होते. आम्हाला चौथा मजला मिळाला. यामनाने मला गच्चीच्या कठड्यावर ठेवलं, पण कुणाच्या डोक्यात पडेल म्हणून लोकांनी भांडण केलं. मग मी खिडकीत आलो. दांडा बाहेर. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतला घण रस्त्यावरून कुणाला दिसणार? आता मला दिसायचं कामही उरलं नाही असं वाटून मी फार खचलो.

समोरच्या घरात तामू नावाची बाई राहायला आली. ती जुन्या खाणीजवळच्या दुसऱ्या एका करियानमधली होती. जाडजूड, हसरी आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी ती तव्यावरचे गरम घडीचे पोळे घेऊन आली आणि खिडकीत मला बघून थबकली.

"अगं लल्ला, या घणाने कुणाचं डोकं फोडायचंय? घरात नवरा तर दिसत नाही."

"नवऱ्यासाठीच ठेवलाय," यामना हसून म्हणाली.

"आमच्या करियानचा छपरंवाला बाबा असता तर हा बघून नाचला असता."

"कोण छपरंवाला बाबा?"

"होता एक म्हातारा. मान सदानकदा वर! छपरं बघत गल्लीबोळांतून हिंडायचा. पहिल्यांदा आला तेव्हा आम्हाला वाटलं पत्रे चोरायला आलाय. माझ्या सासऱ्याने त्याला दोन ठेवूनसुद्धा दिल्या. तर तो विचारतो काय, तुमच्यात कुणाच्या छपरावर घण आहे का घण? आता तूच सांग, छपरावर कधी कुणी घण..."

तामू बोलता बोलता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग यामनाकडे. यामनाच्या हातातला पोळा तसाच राहिला होता.

"भाकरी," यामना म्हणाली. "भाकरी कशी खायचा तो?"

तामूचा आवाज एकदम खाली आला. "आधी बोटाने ठोकायचा. मग कानाला लावायचा. पोरं हसायची त्याला."

मिलूदा दारात चहाचं तबक घेऊन उभी होती. तिने ते जमिनीवर ठेवलं आणि तिथेच बसली. "बा आला होता?" ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

मग तामूने सांगितलं ते असं. जिलाली परत आला तेव्हा मिलूदा अजून शाळेत जाण्याच्या वयाची होती. कोळशाने त्याची छाती खाल्ली होती. तो खाणीवर गेला तर तिथे कारखान्याची भिंत. त्याने फाटकापर्यंत न जाता रस्त्यावरच्या माणसाला विचारलं, करियान कुठे आहे? त्या माणसाने बोट दाखवलं, ही काय इथेच! त्याने खोटं सांगितलं नव्हतं. तीही करियानच होती. तिथे चार-पाच यामना होत्या. जिलाली प्रत्येकीच्या दारात जाऊन आला.

"आम्ही म्हटलं त्याला, बाबा, दुसऱ्या करियानमध्ये बघ," तामू डोळे पुसत म्हणाली. "तर आम्हालाच वेड्यात काढायचा. म्हणायचा, दुसरी कुठली? करियान एकच. माझी बायको इथेच येणार."

यामनाने हातातला पोळा खाली ठेवला. तिचेच शब्द होते ते.

"मग तो लोकांची छपरं दुरुस्त करून देऊ लागला. पैसे घ्यायचा नाही फारसे. म्हणायचा, एका छपरावर चढलं की बाकीची सगळी छपरं दिसतात."

"किती लांब होती गं तुमची करियान?" मिलूदाने विचारलं.

"किती लांब? सकाळी निघालीस तर जेवायच्या वेळेला परत."

मित्रांनो, मी छपरावर होतो आणि तोही छपरावर होता. मधे फक्त शहर होतं.

दुसऱ्या दिवशी तामू त्या दोघींना कबरस्तानात घेऊन गेली. यामनाने मला शालीत गुंडाळून बरोबर घेतलं. करियानवाल्यांच्या कबरी एका कोपऱ्यात होत्या आणि कुणावर नाव नव्हतं. तामूला रांग आठवत होती, पण कबर नक्की कुठली ते आठवेना. "त्याने मरायच्या आधी स्वतःच एक दगड घडवून ठेवला होता," ती म्हणाली. "हाच डोक्याशी लावा म्हणायचा. पण इथे तर सगळेच दगड सारखे दिसतात."

यामना गुडघ्यांची कुरकुर न करता खाली बसली. एका दगडावर तिने बोटाने तीनदा ठोकलं, कान लावला आणि पुढे सरकली. दुसऱ्यावर ठोकलं, पुढे सरकली. तामू मिलूदाच्या कानात म्हणाली, "हिला घरी नेऊ या का?" मिलूदाने नकाराची मान हलवली. मी मात्र लांबूनच ओळखलं होतं. सरळ, एका घावात दुभंगलेला तो दगड दुसऱ्या कुणाचा असणार? तो फोडताना जिलालीच्या हाती दुसराच कुठला तरी घण होता. यामनाने त्या दगडावर ठोकलं आणि कान लावला. मग ती उठलीच नाही. दगडाला गाल लावून बसून राहिली.

"काय म्हणतो?" मिलूदाने विचारलं. या वेळी आवाजात वैताग नव्हता.

"म्हणतो, विसरलो नव्हतो," यामना म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

निघताना तिला मला तिथेच कबरीवर ठेवायचं होतं. पण ज्या मिलूदाने मला जन्मभर शिव्या घातल्या, तिनेच मला उचलून घेतलं. "नको इम्मा. बा घर शोधत होता. घण घरावरच हवा."

यामना त्यानंतर दोन हिवाळे जगली. शेवटी शेवटी ती दारात बसून रस्त्याकडे बघायची नाही. आता मी आणि मिलूदा दोघंच आहोत. मी खिडकीतच असतो. माझ्याकडे बघून कुणी काही ओळखणार नाही हे मला माहीत आहे, तरी मिलूदा दर शुक्रवारी मला तेल लावते आणि दांडा बाहेरच्या बाजूला वळवून ठेवते.

अलीकडे कुणी म्हातारा माणूस वसाहतीच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभा राहिला आणि करियानच्या अमक्याला शोधतो म्हणाला, की पोरं खेळता खेळता हात करून मोकळी होतात, "ते काय, तिकडे!" मग मिलूदा धापा टाकत चार मजले उतरते. त्याला सावलीत बसवते, चहा आणते आणि विचारते, "कुठल्या करियानचे? तिथे काय होतं? कुणाला शोधताय?" आणि तो सांगून संपेपर्यंत थांबते. तिला कुणी विचारलं, तर आता ती खोटा पत्ता देत नाही. "मी खाणीवरची," म्हणते. "जिलाली दगडफोड्याची मुलगी."

मित्रांनो, मला तेल लावा, मला गंजू देऊ नका, असं मागणं मी तुमच्याकडे मागणार नाही. माझं आयुष्य झालं. पण उद्या तुमच्या रस्त्यावर कुणी अनोळखी माणूस थांबेल आणि एखाद्या वस्तीचं नाव विचारेल, तेव्हा लगेच बोट दाखवू नका. कुठली, कुणाची, ते त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. जिलाली तर दगडालासुद्धा तीनदा विचारायचा.